गर्भपात आणि फाशी यांविषयीचे आपले मत एकाच तत्त्वावर उभे आहे का?

गोदाकाठ (धागाकर्ता)

गेल्या महिन्यात नात्यातल्या एका बारशाला आम्ही सगळे जमलो होतो. जेवणे झाल्यावर बोलणे बलात्काराच्या एका बातमीवर गेले. माझे थोरले मामेभाऊ, ज्यांच्याविषयी मला मनापासून आदर आहे, म्हणाले की अशा माणसांना तीन महिन्यांच्या आत फासावर चढवले पाहिजे. त्या मुलीला दिवस गेले असल्याचे कोणीतरी सांगितले तेव्हा पाचच मिनिटांनी तेच म्हणाले की पोटातल्या जिवाचा काय दोष, तो पाडणे हे पाप आहे. मी त्यांना यातली विसंगती दाखवायला गेलो, तर कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या त्यांच्या मुलीने मलाच अडवले. ती म्हणाली, "काका, फाशीविरुद्ध बोलताना तुम्ही म्हणता की जीव घेण्याचा अधिकार कोणालाच नाही. मग गर्भपाताची बाजू घेताना ते वाक्य कुठे ठेवता?" त्या दिवशी मला उत्तर देता आले नाही. तेव्हापासून जो विचार केला तो येथे मांडत आहे.

पहिली गोष्ट अशी की दोन्ही प्रश्नांची उत्तरे सारखी आली म्हणजे माणूस सुसंगत झाला, ही समजूत मला आता पटत नाही. निष्पापाचा जीव कोणीही घेऊ नये, मात्र दुसऱ्याचा जीव घेणाऱ्याने स्वतःच्या जिवावरचा हक्क गमावलेला असतो, असे मानणारा गर्भपाताला विरोध करून फाशीला पाठिंबा देऊ शकतो, आणि त्यात तर्काची चूक नाही. बाईच्या शरीरावर पहिला हक्क तिचा, आणि बंदिवानाचा जीव घेण्याइतकी सत्ता सरकारच्या हाती असू नये, असे मानणारा नेमकी उलटी उत्तरे देतो. त्यातही तर्काची चूक नाही. शिकागोचे कार्डिनल जोसेफ बर्नार्डिन यांनी १९८३ मध्ये गर्भपात, युद्ध आणि देहदंड यांना एकाच न शिवलेल्या अखंड वस्त्राची उपमा दिली होती. जीव घेण्याच्या या सगळ्याच प्रकारांकडे एकाच नजरेने पाहण्याची ती भूमिका भव्य आहे, पण सुसंगत राहण्याचा तो एकमेव मार्ग नाही.

खरी कसोटी मला दुसरीकडे दिसते. आपण जे कारण पुढे करतो ते आपल्याला अडचणीच्या जागीही लागू करतो का, हे पाहिले पाहिजे. "निष्पापाचा जीव" हे ज्याचे कारण आहे, त्याने चुकून फासावर जाणाऱ्या निष्पापासाठीही तितकेच अस्वस्थ झाले पाहिजे. "शरीर तिचे, निर्णय तिचा" हे ज्याचे कारण आहे, त्याने गर्भलिंगनिदानबंदीला आपण पाठिंबा का देतो हे सांगितले पाहिजे. माझ्यापुरते बोलायचे तर हा दुसरा प्रश्न मला फार जड जातो, आणि त्यावर मी चर्चेत पुढे लिहीन.

आपल्या कायद्यात हे दोन प्रश्न एका ठिकाणी अक्षरशः समोरासमोर येतात, आणि त्या जागेकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. मृत्युदंड झालेली स्त्री गर्भवती असल्याचे आढळले, तर उच्च न्यायालयाने तिची शिक्षा कमी करून जन्मठेप दिलीच पाहिजे, असे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४५६ सांगते. २००८ च्या सुधारणा कायद्यापूर्वी मात्र जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत फाशी पुढे ढकलण्याची तरतूद होती, आणि शिक्षा कमी करणे न्यायालयाच्या मर्जीवर होते. म्हणजे बाळंत होईपर्यंत थांबायचे आणि मग आईला फासावर चढवायचे, हे त्या शब्दांत बसत होते. त्या जुन्या तरतुदीत "निष्पाप आणि दोषी" ही विभागणी अगदी काटेकोर पाळली गेली होती, आणि तरीही ती वाचताना अंगावर काटा येतो. जन्मलेल्या बाळाला आईची गरज असते, एवढी साधी गोष्ट त्या काटेकोर विभागणीत मावली नव्हती.

आणि शेवटी बारशाच्या दिवशीचीच गोष्ट. बलात्कार एक, पण आपण त्याच्या दोन फायली करतो. आरोपीच्या फायलीवर आपल्याला घाई हवी असते. मुलीच्या फायलीवर मात्र आपण आठवडे मोजत बसतो. गर्भपाताच्या कायद्यातील २०२१ च्या दुरुस्तीनंतरही चोवीस आठवडे उलटले की बलात्कारातून राहिलेल्या गर्भासाठी उच्च न्यायालयाचे दार ठोठवावे लागते, कारण त्यापुढे वैद्यकीय मंडळाच्या मताने मिळणारी सवलत गर्भातील गंभीर व्यंगापुरतीच आहे. चंडीगडमधील दहा वर्षांच्या मुलीला २८ जुलै २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बत्तीस आठवड्यांच्या सुमारास परवानगी नाकारली आणि पुढच्या महिन्यात तिला मूल झाले. सहा आठवड्यांच्या आत त्याच न्यायालयाने मुंबईतील तेरा वर्षांच्या मुलीला जवळपास तितकेच दिवस गेलेले असताना परवानगी दिली. दोन्ही वेळा न्यायालयापुढे डॉक्टरांचे अहवाल होते हे मला ठाऊक आहे. तरीही त्या दोन मुलींना एकाच देशाच्या एकाच न्यायालयाकडून मिळालेली ही दोन उत्तरे शेजारी ठेवली की माझे मन थाऱ्यावर राहत नाही.

सह्यपठार

गोदाकाठ, तुमचे लेखन मनापासून वाटले, म्हणून विरोधही मनापासून नोंदवतो. मी फाशीच्या बाजूचा आहे आणि उशिराच्या गर्भपाताच्या विरोधात आहे. माझे तत्त्व तुम्ही नीट मांडले आहे, पण त्यामागची भावना राहून गेली. ज्याच्या घरातले माणूस मारले गेले, त्याला "सरकारने जीव घेऊ नये" हे वाक्य परकेपणाचे वाटते. मुंबईवरच्या हल्ल्यात जिवंत पकडलेल्या अजमल कसाबला २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवड्यात फाशी झाली. त्याला उघड न्यायालयात वकील मिळाला, उच्च आणि सर्वोच्च अशा दोन्ही न्यायालयांत अपील झाले, राष्ट्रपतींकडे दयेचा अर्जही गेला. तेथे चूक होण्याची शक्यता कोठे होती? चुकीची भीती हा फाशीविरुद्धचा तुमचा मुख्य आधार असेल, तर जेथे चूक नाही तेथे तो आधार उरत नाही, आणि मग तुम्हाला वेगळे तत्त्व सांगावे लागेल.

दुसरे असे की गर्भाविषयी तुम्ही फार झपझप पुढे गेलात. ऑक्टोबर २०२३ मध्ये दोन मुलांची आई असलेल्या एका विवाहितेचा गर्भ सव्वीस आठवड्यांचा होता. सर्वोच्च न्यायालयाने आधी परवानगी दिली, आणि मग वैद्यकीय मंडळातील डॉक्टरांनीच विचारले की मूल जिवंत जन्मण्याची शक्यता आहे, तर त्याच्या हृदयाचे ठोके आधी थांबवायचे का, हे न्यायालयाने सांगावे. दोन न्यायमूर्तींचे एकमत झाले नाही आणि मोठ्या पीठाने परवानगी नाकारली. फाशीची खटकी ओढणाऱ्या हाताविषयी आपण इतके बोलतो, तर त्या डॉक्टरच्या हाताविषयीही बोलले पाहिजे. तो हात थरथरला, त्याला माझ्या लेखी मोठा अर्थ आहे.

रातराणी

सह्यपठारदादा, त्या हाताविषयी मी बोलू शकते. मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी सत्तावीस वर्षे परिचारिका म्हणून काम केले आणि आता निवृत्त आहे.

आमच्याकडे कोणी बाई "गर्भपात करायचा आहे" असे म्हणत नसे. "पिशवी साफ करायची आहे", "मोकळं करायचं आहे", "पाळी पुढे गेली आहे, काहीतरी करा", असे शब्द असत. उशिरा येणाऱ्या बायका का उशिरा येतात, हे प्रत्येकाने एकदा त्यांच्याकडून ऐकावे असे मला वाटते. एक ऊसतोड करणारी बाई मला आजही आठवते. तिच्या पदराच्या गाठीत सोनोग्राफीचा कागद आठ घड्या घालून ठेवलेला होता, आणि घडीच्या रेषांवर शाई पुसून गेल्यामुळे आठवड्यांचा आकडा वाचता येत नव्हता. गर्भाच्या डोक्याची कवटी तयार झालेली नव्हती. ते कळते त्या तपासणीची वेळ अठरा ते वीस आठवड्यांची, आणि तेव्हाच्या कायद्याची हद्द वीस आठवड्यांची. म्हणजे तिच्या हाती चार-सहा दिवस होते, आणि त्यांतले तीन दिवस मुकादम गावी सोडत नव्हता म्हणून गेले होते. कागदावर एकवीस आठवडे भरल्यामुळे तिला परत पाठवले गेले. ती पुन्हा आली नाही. पुढे तिचे काय झाले हे मला कधी कळले नाही.

२०२१ च्या दुरुस्तीने असे व्यंग असताना आता आठवड्यांची हद्द राहिलेली नाही, मंडळाचे मत लागते. ही सुधारणा मोठी आहे आणि त्यासाठी भांडणाऱ्यांचे माझ्यावर उपकार आहेत. पण दादा, मला सांगायचे आहे ते हे. सव्वीस आठवड्यांच्या गर्भापुढे माझाही हात थरथरला असता. मात्र ती बाई सव्वीस आठवड्यांपर्यंत का पोचली, याची चौकशी आपण करत नाही. पहिल्या आठ आठवड्यांत ज्या बाईला गोळ्या मिळाल्या असत्या, तिला आपण लाज, पैसे, नवऱ्याची सही आणि डॉक्टरांची टाळाटाळ यांत अडकवतो, आणि मग उशीर झाला म्हणून पुढे गर्भाची बाजू घेतो. कायद्याप्रमाणे सज्ञान बाईला नवऱ्याची सही लागतच नाही. मी नोकरीला लागले तेव्हाही लागत नव्हती. तरी आमच्याकडे ती मागत असत.

मांडवी

मी गोव्यातला कॅथलिक आहे आणि बर्नार्डिन यांचे नाव निघाले म्हणून लिहितो आहे. मी गर्भपात आणि देहदंड या दोहोंच्या विरोधात आहे. २०१८ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी धर्मशिकवणीच्या ग्रंथातला मजकूर बदलून देहदंड कोणत्याही परिस्थितीत स्वीकारार्ह नाही असे लिहविले, तेव्हा आमच्याच चर्चच्या आवारात कितीतरी जण नाराज झाले. गर्भपाताविषयी जे लोक आवाज चढवून बोलत, तेच त्या रविवारी गप्प होते. सुसंगतीचा आग्रह धरणाऱ्या धर्मातही ती आपोआप येत नाही, हे मी जवळून पाहिले आहे.

गोव्यावर ज्यांनी साडेचारशे वर्षे राज्य केले त्या पोर्तुगालने आपल्या देशातील सामान्य गुन्ह्यांसाठीचा देहदंड १८६७ मध्येच रद्द केला होता. मात्र बाईच्या इच्छेनुसार पहिल्या दहा आठवड्यांतला गर्भपात तेथे कायदेशीर झाला तो २००७ च्या सार्वमतानंतर. मधल्या एकशे चाळीस वर्षांत त्या देशाने खुन्याला फाशी दिली नाही, पण गर्भपात करणाऱ्या बाईवर खटला भरण्याची सोय ठेवली. हे लक्षात आल्यापासून मी दोन गोष्टी वेगळ्या ठेवतो. एखादे कृत्य चुकीचे आहे असे मानणे निराळे, आणि त्यासाठी कोणाला तुरुंगात घालणे निराळे. गर्भपात मला चुकीचा वाटतो, पण कोणत्याही बाईला त्यासाठी शिक्षा व्हावी असे मला वाटत नाही, आणि हे सांगताना आपण काही तडजोड करतो आहोत असेही वाटत नाही. क्षमा आणि दया यांवर माझा जो विश्वास आहे, त्याच विश्वासापोटी मी फाशीलाही नकार देतो.

बाभूळबन

मी फौजदारी बाजूची वकिली करतो. सह्यपठार यांनी विचारले आहे की चूक होण्याची शक्यता कोठे होती. कसाबच्या बाबतीत नव्हती, हे मान्य. पण कायदा एकट्या कसाबसाठी लिहिता येत नाही.

नाशिकजवळच्या एका शेतवस्तीवर २००३ च्या जूनमध्ये दरोडा पडला, पाच जणांचे खून झाले, बलात्कार झाला. भटक्या जमातीतील सहा जणांवर खटला चालला. सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी दिली. उच्च न्यायालयाने २००७ मध्ये तिघांची फाशी कायम करून तिघांना जन्मठेप दिली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. आणि मार्च २०१९ मध्ये त्याच सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडले. हल्ल्यातून वाचलेल्या साक्षीदाराने घटनेनंतर पोलिसांच्या फोटोंमधून चार वेगळ्याच माणसांना ओळखले होते, आणि त्या धाग्याचा तपासच झाला नव्हता. हा कागद पहिल्या दिवसापासून फायलीत होता. नवीन पुरावा काही सापडला नाही. जे होते तेच दहा वर्षांनी नीट वाचले गेले. तोवर त्यांची सोळा वर्षे तुरुंगात गेली होती. राज्य सरकारने प्रत्येकी पाच लाख रुपये द्यावेत असा आदेश झाला. मध्यंतरी कोणी म्हणाले असते की तीन महिन्यांत फाशी द्या, आणि ते ऐकले गेले असते, तर सोडायला कोणी उरलेच नसते.

१९८० च्या बच्चन सिंग निकालाने "दुर्मिळातील दुर्मिळ" ही कसोटी दिली, आणि गुन्ह्यासोबत गुन्हेगाराचाही विचार करा असे बजावले. प्रत्यक्षात शिक्षेवरची सुनावणी कशी होते? दोषी ठरवल्याच्या दिवशीच, जेवणाच्या सुट्टीनंतर, वकील उठून सांगतो की आरोपीचे वय लहान आहे आणि घरी म्हातारे आईवडील आहेत, आणि त्या एका वाक्यावर माणसाच्या अख्ख्या आयुष्याची बाजू संपते. मी स्वतः असे एक वाक्य उच्चारले आहे. त्या मुलाच्या गावी मी गेलो नव्हतो, त्याच्या शाळेतल्या बाईंशी बोललो नव्हतो, आणि याची खंत मला आयुष्यभर पुरेल. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये आरोपीची पार्श्वभूमी, मानसिक स्थिती आणि तुरुंगातील वर्तन यांचा अहवाल सुरुवातीपासूनच मागवण्याची पद्धत घालून दिली, त्याला फार उशीर झाला होता.

गोदाकाठ

बाभूळबन, तुम्ही लिहिलेले तीनदा वाचले. सह्यपठार, तुमचा आक्षेप मी टाळत नाही. चुकीची भीती हा माझा एकमेव आधार नाही. पूर्णपणे आपल्या ताब्यात असलेल्या, हात बांधलेल्या माणसाला ठरवून, तारीख लावून मारणे हे कोणत्याही संस्थेने करू नये, असे मला वाटते, आणि ते कसाबलाही लागू आहे. हे पटणे कठीण आहे हे मी जाणतो. घटना समितीत ३ जून १९४९ रोजी डॉ. आंबेडकरांनी, फाशीविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात हक्काने अपील देण्यापेक्षा फाशीच रद्द करण्याला आपण पाठिंबा देऊ, असे म्हटले होते आणि या देशाने अहिंसा हे नैतिक मूल्य मानलेले आहे याकडे बोट दाखवले होते. हेच आंबेडकर १९३८ मध्ये मुंबई विधिमंडळात संततिनियमनाच्या ठरावामागे उभे होते. ते गर्भपाताविषयी बोलत नव्हते, म्हणून त्यांची साक्ष मी ताणत नाही. पण बाईच्या बाळंतपणांची किंमत आणि बंदिवानाचा जीव या दोहोंचा विचार एकाच माणसाने इतक्या पूर्वी केला होता, याचा मला आधार वाटतो.

आता माझ्या जड प्रश्नाकडे येतो. गर्भलिंगनिदानावर कायदा करणारे महाराष्ट्र हे पहिले राज्य, १९८८ मध्ये. देशाचा कायदा १९९४ चा. तरी २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे फक्त ८०७ मुली होत्या. निर्णय तिचा असेल तर मुलगी नको म्हणण्याचा निर्णयही तिचाच, असे मला म्हणावे लागेल का? बराच विचार करून मी इतके म्हणतो की बंदी निदानावर आहे, आणि ती तेथेच राहिली पाहिजे. बाईच्या गर्भपाताच्या हक्काला तिचा अडसर होता कामा नये. "स्त्रीभ्रूणहत्या" हा शब्द मी स्वतः अनेक वर्षे वापरला. चळवळीतल्या स्त्रियांनी "गर्भलिंगनिवड" म्हणा असे सांगितले तेव्हा मला तो शब्दच्छल वाटला होता. आज त्यांचे म्हणणे कळते. त्या एका शब्दात गर्भपात म्हणजे हत्या हे आपण आधीच कबूल करून बसतो, आणि मग मुलीचा गर्भ असेल तरच ती हत्या का, याचे उत्तर आपल्याकडे नसते. तरीही माझे समाधान झालेले नाही. निदानबंदीनंतर दुसऱ्या तिमाहीत आलेल्या प्रत्येक बाईकडे आमच्या जिल्ह्यात संशयाने पाहिले जाऊ लागले, आणि त्या संशयाला पाठिंबा देणाऱ्यांत मीही होतो.

रातराणी

ते खरे आहे. २०१२ नंतर आमच्याकडचे काही डॉक्टर चौदा आठवड्यांच्या बाईलाही हात लावायला घाबरत. कोठेतरी नोंद होईल, चौकशी लागेल, ही धास्ती. त्या बाया मग कोणाकडे जात, ते मी येथे लिहीत नाही.

तुम्ही फुल्यांचे नाव घेतले नाहीत, म्हणून मी घेते. १८६३ मध्ये जोतिराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, ते विधवांनी गुपचूप बाळंत व्हावे आणि मूल मारू नये म्हणून. १८८१ मध्ये सुरतेत एका तरुण विधवेला तान्हे मूल मारल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली, ती पुढे कमी झाली; पण वर्तमानपत्रांनी तिच्या निमित्ताने समस्त बायकांवर जी चिखलफेक केली, तिच्या संतापातून बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी १८८२ मध्ये "स्त्रीपुरुष तुलना" लिहिले. फाशी आणि बाईचे पोट हे दोन विषय ताराबाईंपुढे वेगळे नव्हतेच. त्या विधवेला ज्याच्यामुळे दिवस गेले, त्या पुरुषाला कोणी कठड्यात उभे केले नव्हते.

सह्यपठार

नाशिकच्या खटल्याविषयी मी आज प्रथमच सविस्तर वाचले. २००९ मध्ये ती फाशी कायम झाल्याची बातमी मला आठवते, आणि तेव्हा बरे वाटले होते हेही आठवते. २०१९ ची बातमी माझ्या नजरेतून कशी सुटली, हे मला सांगता येत नाही. माझे मत बदलले आहे असे म्हणणार नाही, कारण अतिरेकी हल्ल्यांपुरती फाशी असावी असे मला अजून वाटते, आणि विधी आयोगानेही २०१५ च्या अहवालात दहशतवाद आणि देशाविरुद्ध युद्धाचे गुन्हे सोडून इतरत्र ती रद्द करण्याची शिफारस केली होती. पण बलात्काराच्या प्रत्येक बातमीखाली "फाशी द्या" असे मी लिहीत आलो, ते आता लिहिणार नाही. रातराणीताई, त्या ऊसतोड बाईला परत पाठवले तेव्हा कोणी तिला पुढे कोठे जा, हे तरी सांगितले होते का?

रातराणी

न्यायालयात जा, असे डॉक्टर म्हणाले होते. तिने मला विचारले की कोणत्या गाडीने जायचे. मी बसस्थानकाचा रस्ता दाखवला, कारण मलाही त्याहून जास्त माहीत नव्हते.